पेजेत भिजवलेला पट्टा

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्या धीराचं कौतुक करायला नको. झुरळाला भिते, विहिरीत डोकवायला भिते, आणि त्या वर्षी तर मी माझ्या नवऱ्याच्या श्वासाला भीत होते. श्वास ऐकू आला की तो दुखत असणार म्हणून भीती, आणि ऐकू आला नाही की त्याहून मोठी भीती.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. पनवेलात तेव्हा बैलगाडीची चाकं बनत आणि ती न्यायला घाटावरून माणसं येत. आमचं घर चाकं करणाऱ्या सुतारांचं. पुढे कारखाना, मागे राहती जागा, मध्ये एकच भिंत. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे घरात आम्ही तिघं: माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणत असे, आमचे हे, आणि मी. मामंजींचा हात चाकावर असा बसलेला की तयार चाकाला नुसती टिचकी मारून ते कुठला आरा ढिला आहे ते सांगत. बोलणं मात्र बेताचंच. माझ्याशी तर पाणी मागण्यापुरतं आणि जेवण झालं का विचारण्यापुरतं.

अपघात झाला तो भर सकाळी. बाभळीचे ओंडके भिंतीला लावून रचलेले असायचे. हे खालचा एक ओढायला गेले, वरची रास घसरली आणि एक ओंडका यांना घेऊन खांबावर आदळला. मी चुलीपाशी होते. धडाड्‌ असा आवाज झाला आणि मागोमाग कारखान्यातल्या करवती, हातोडे, सगळं एकदम गप्प झालं. त्या गप्पपणानंच मी उठले. धावत गेले तर हे उताणे पडलेले, डोळे उघडे, आणि तोंड पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं उघडमीट करत होतं. आवाज काही बाहेर येत नव्हता.

लाकडं वाहणाऱ्या लॉरीतच फळीवर निजवून त्यांना ठाण्यावरून मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. वाटभर मी त्यांचं डोकं धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत होते. एवढे देव मला ठाऊक आहेत हे मला त्या दिवशीच कळलं.

डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि पाठीचा एक मणका दबून चिरला होता. डॉक्टरांनी तळपायाला टाचणी टोचली, यांनी पाय आखडून घेतला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाय शाबूत आहेत. नशीबवान आहात. पण मणका जपायला हवा." मला त्यातला 'पण' तेवढा ऐकू आला. जपलं नाही तर काय, हे विचारायची हिंमत झाली नाही. पुढे किती तरी महिने तो प्रश्न मी न विचारताच बाळगला.

त्या इस्पितळात एक बाई होत्या. पांढरा कोट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. त्या नर्स नव्हत्या आणि डॉक्टरही नव्हत्या. मोडलेल्या माणसांना पुन्हा हलायला शिकवायचं, हे त्यांचं काम. असं काही काम असतं हेच मी पहिल्यांदा ऐकत होते. वॉर्डात सगळे त्यांना व्यायामाच्या बाई म्हणत. त्या आल्या आणि ज्या माणसाला साधा श्वास घेताना सुरी खुपसल्यासारखं होत होतं त्याला म्हणाल्या, "खोल श्वास घ्या." मला वाटलं, हिचं डोकं ठिकाणावर नाही.

"अहो, दुखतंय त्यांना," मी म्हटलं.

"दुखणारच." त्यांनी माझा हात धरला आणि यांच्या छातीच्या खालच्या कडेला, डाव्या बाजूला, अलगद ठेवला. "श्वास इथपर्यंत पोचला की तुमचा हात बाहेर ढकलला जाईल. नाही ढकलला तर पोचला नाही असं समजायचं. छाती हलली नाही तर आत कफ साठतो, ताप भरतो. बरगडी मोडून न मेलेला माणूस त्या कफानं जातो."

असं तोंडावर सांगितलं. वॉर्डात मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडा, पण हात काढू नका."

रोज त्या हेच करायच्या. उशी छातीशी घट्ट आवळून खोकायला लावायच्या. घोटे फिरवायला लावायच्या. कुशीवर वळवायचं तर कंबर आणि खांदा एकाच वेळी फिरले पाहिजेत, मध्ये पीळ पडता कामा नये. "ओंडका लोळवतात ना, तसं," त्या म्हणाल्या आणि आम्हा नवरा-बायकोची नजरानजर झाली. ओंडके लोळवणं आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. मी पहिल्याच खेपेला नीट वळवलं. त्या दिवशी ती बाई माझ्याकडे बघून थोडी हसली, नाही तर हसण्यातली ती नव्हेच.

खाटांची गरज होती, म्हणून काही आठवड्यांनी आम्हाला घरी पाठवलं. निघताना बाईंनी बजावलं, "फळीवर निजवा. श्वास आणि खोकला चुकवायचा नाही. आणि काही झालं तरी छाती बांधायची नाही. महिन्याभरानं आणा, उभं करू." दुसऱ्या कुणाचा मोडका पाय हातात घेऊनच त्या हे बोलत होत्या. मी मान हलवली.

घरी आल्यावर मामंजी लेकाजवळ बसले. लहानपणानंतर त्यांनी त्याला हात लावला असेल नसेल, पण त्यांनी सावकाश तळवा त्याच्या छातीवर ठेवला. यांनी श्वास घेतला आणि आत कुठे तरी खट्‌ झालं. हलकंच, पण मलाही ऐकू आलं. मामंजींचा चेहरा पार उतरला.

"ढिली हाय," ते म्हणाले. "आतून वाजतंय. हे असं सोडलं कसं त्यांनी?"

चाकाची गोष्ट इथे सांगायला हवी. लाकडी चाक तयार झालं की त्यावर लोखंडी धाव चढवतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, धाव आवळते, आणि सगळे आरे कुरकुरत आपापल्या जागी गच्च बसतात. जे आवळलं ते टिकलं, ही मामंजींची जन्मभराची विद्या. वाजणारं चाक गिऱ्हाइकाला दिलं तर सुताराची अब्रू गेली. आणि इथे तर स्वतःचा मुलगा वाजत होता.

त्यांनी मांजरपाटाचे रुंद पट्टे फाडले. मला म्हणाले, "पेज ठेव. घट."

मी पदर सावरून दारातूनच म्हटलं, "बाईंनी बांधू नका म्हणून सांगितलंय."

"त्या बाईनं चाकं किती बांदली?"

मी पेज चुलीवर चढवली. पेज रटरटली. आंबेहळदीचा लेप दिला आणि पेजेत भिजवलेले पट्टे मामंजींनी लेकाच्या छातीला असे ओढून गुंडाळले की वाळल्यावर ते पुठ्ठ्यासारखे ताठ झाले आणि आणखी आवळले. सैल वाटला की दुसऱ्या दिवशी वरून नवा पट्टा.

खरं सांगायचं तर यांना बरं वाटलं. श्वासाला दुखेना, खोकला येईना. चेहऱ्यावर थोडी कळा आली. "बाईपेक्षा बाबांना जास्त कळतं," हे म्हणाले. मीसुद्धा सुस्कारा टाकला. माणूस विव्हळायचा थांबला की घराला वाटतं दुखणं गेलं. पण हात ठेवायची सवय लागली होती मला. मी छातीच्या खालच्या कडेला, पट्ट्यावरून, हात ठेवायची आणि "घ्या श्वास" म्हणायची. हे घ्यायचे. माझा हात जिथल्या तिथे. भिंतीवर ठेवावा तसा.

मग भीती पुन्हा सुरू झाली, आणि या वेळची कुणाशी बोलताही येईना. मी यांना म्हटलं तर हे चिडले, "दुखत नाहीये तर तुला बघवत नाही का?" मामंजींशी बोलायची सोय नव्हती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तसं मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. भांडं घासताना, तांदूळ निवडताना मी श्वास मोजल्यासारखं करायची आणि मग माझाच श्वास अडकायचा. यांचे श्वास दिवसेंदिवस आखूड होत चालले. वाक्य एका दमात पुरं होईना. 'पाणी' म्हणायचे आणि 'दे' म्हणायच्या आधी थांबायचे. मग अंग कोमट लागायला लागलं, मग तापलं. मामंजी म्हणाले, हाड जुळताना ताप येतो. गावात सगळे असंच म्हणत, म्हणून मीही ते धरून बसले.

एका दुपारी मी पेजेची वाटी घेऊन गेले आणि यांचे ओठ पाहिले. जांभळाच्या दिवसांत पोरांचे होतात तसे झाले होते. नाकपुड्या फडफडत होत्या. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण मला पाहिलं असं काही वाटलं नाही.

भिंतीपलीकडे धाव चढवायचं काम चाललं होतं. आग पेटलेली, धूर सगळा मागच्या दारी येत होता, मामंजी मोठ्यानं "धरा, धरा, सोडू नका" ओरडत होते. धाव लाल असताना सुताराला कुणी हाक मारत नाही. मारली तरी तो येऊ शकत नाही, चाक जळून जातं. आणि समजा आले असते तरी काय? त्यांनी आणखी एक पट्टा भिजवला असता.

मी कात्री आणली. ती त्या ताठ कापडात शिरेना. घरातली सुरी बोथट. ओट्यावर मामंजींची पटाशी होती, लाकूड कोरायची, तिची धार अशी की अंगठ्यावर धरली तर केस उडतील. आमच्यात हत्यारांना बायका हात लावत नाहीत. दसऱ्याला हळदकुंकूसुद्धा लांबूनच. मी ती उचलली आणि यांच्या बरगडीवर, पट्ट्याच्या खाली सरकवली.

त्या क्षणाची भीती मला आजही अंगावर येते. पटाशी निसटली तर आत जाईल. पट्टा सुटला आणि बरगडी सुटली, फुफ्फुसात घुसली, तर हे माझ्या हातानं मेले. नाही कापला तर माझ्या डोळ्यांदेखत मरताहेत. दोन्हीकडून विधवा मीच होणार होते. मी दात आवळले आणि धार वरच्या बाजूला फिरवून ओढली. कापड करकरलं. एक थर, दुसरा, तिसरा. शेवटचा निघाला आणि यांची छाती एकदम वर आली आणि यांनी अशी किंकाळी फोडली की मला वाटलं झालं ते झालं.

मी उशी त्यांच्या छातीशी दाबली. "खोका."

"मारतेस का मला," ते पुटपुटले. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"हो, मारते. खोका आधी."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. घाबरले होते, माझ्यापेक्षाही जास्त. मी उशी आणखी आवळली आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं आणून ओरडले. नवऱ्यावर मी जन्मात ओरडले नव्हते. ते खोकले. मग पुन्हा खोकले, आणि गंजासारख्या रंगाचा घट्ट कफ बाहेर आला, माझ्या हातावर, लुगड्यावर. मी तो पुसलाही नाही.

मान वर केली तर दारात मामंजी. हातातोंडाला काळं लागलेलं, अंगातून घाम निथळत होता. किंकाळी ऐकून ते लाल धाव आणि चाक तिथेच सोडून आले होते. माझ्या मांडीजवळ त्यांची पटाशी, खाली कापलेले पट्टे. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढणार.

"मामंजी," मी म्हटलं, "हात ठेवा इथं."

ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी हात ठेवला, बाई ठेवायच्या तिथेच, मी दाखवलं तिथे. यांनी श्वास घेतला. आत खट्‌ झालं. मामंजी दचकले, पण त्यांनी हात काढला नाही. पुढच्या श्वासाला तो काळा तळवा किंचित, अगदी किंचित, बाहेर सरकला.

"हलतंय," ते म्हणाले.

"हललंच पाहिजे."

ते तसेच बसून राहिले. पलीकडून कुणी तरी सांगत आलं की चाक जळून गेलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "अजून काय करायचं असतं ते सांग, पोरी. मला काय म्हाईत नाय."

गावातल्या डॉक्टरांनी सुया दिल्या. ताप उतरायला वेळ लागला, आणि तोवर आमच्या तिघांच्याही जिवात जीव नव्हता. पण पुढे खोकवायचं काम मामंजींनी स्वतःकडे घेतलं. सकाळी अंघोळ झाली की येऊन बसायचे आणि गिऱ्हाइकाला दटावावं तसं लेकाला म्हणायचे, "चल, काढ आवाज."

इस्पितळात परत गेलो तेव्हा बाईंनी छातीला कान लावला, पाठीवर बोटं फिरवली आणि कातडीवरचे पट्ट्याचे वळ पाहून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी खाली मान घातली. मामंजी म्हणाले, "मी बांदलं. हिनं कापलं." बाई एवढंच म्हणाल्या, "बरं केलं," आणि यांना पालथं निजवून मान आणि छाती उचलायला शिकवायला लागल्या. पाठीचे स्नायू भक्कम झाले की मणक्याला त्यांचा आधार, असं त्यांचं म्हणणं. पुढे वाकायचं नाही, काही उचलायचं नाही.

खरं संकट उभं राहण्याचं निघालं. छाती बरी झाली, पाठ भरत आली, पण यांच्या मनानं हाय खाल्ली होती. पाय जमिनीला लागले की हे पांढरेफटक पडायचे. "मोडेल," एवढंच म्हणायचे. मामंजींनी अंगणात चार खुंट ठोकून गाडीच्या दोन लांब दांड्या कमरेच्या उंचीवर बसवल्या, दोहोंमध्ये माणूस चालेल इतकी जागा सोडून. इस्पितळात बाईंच्या व्यायामाच्या खोलीत होत्या तशाच, फक्त जास्त गुळगुळीत तासलेल्या. हे त्यांना धरून उभे राहायचे, घाम गळायचा, आणि पाऊल न टाकता परत बसायचे. कित्येक दिवस नुसतं उभं राहणं आणि बसणं. मी पुढे, मामंजी मागे, तिघंही कापत. लांबून कुणी पाहिलं असतं तर अंगणात तीन भुतं उभी आहेत असंच म्हटलं असतं. पहिलं पाऊल पडलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. बोललो तर मोडेल असं वाटत होतं.

पुढच्या थंडीपर्यंत हे आधाराशिवाय घरात फिरायला लागले. चाकाचं जड काम कायमचं सुटलं. ते बसून आरे तासायचे. आणि एका सकाळी म्हणाले, "तळ्यापर्यंत जाऊन येतो. एकटा."

मी नको म्हटलं. हे ऐकेनात. मामंजी म्हणाले, जाऊ दे. मग मी धुण्याची बादली उचलली आणि बरंच अंतर ठेवून मागे निघाले. कपडे सगळे धुतलेलेच होते. हे ताठ, जरा लाकडासारखे चालत होते. रस्त्यात गाई, सायकली, पोरं, दगड. इतके दिवस त्या रस्त्यावर एवढे दगड आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं. वळणावर त्यांचा पाय एका दगडाला अडखळला. ते झुकले, हात हवेत गेले, आणि मला तो अपघाताच्या सकाळचा धडाड्‌ पुन्हा ऐकू आला. पण ते सावरले, उभे राहिले आणि पुढे चालू लागले.

त्यांना काही झालं नाही. माझेच पाय गेले. बादली सुटली आणि मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले, आणि इतक्या महिन्यांचं सगळं रडू तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, बाहेर आलं. बादलीचा आवाज ऐकून हे मागे वळले आणि माझ्याजवळ आले. वाकता येत नव्हतं, म्हणून पाठ सरळ ठेवून, गुडघे थोडे मोडून त्यांनी हात पुढे केला.

"ऊठ. धर हात."

"नको. ओढ बसेल पाठीला."

"नाही बसत. धर."

मी कुंपणाचा बांबू धरून उठायला पाहत होते. ते हात तसाच धरून उभे होते. लोक बघत होते, त्यांना त्याचं काही नव्हतं. शेवटी मी एका हातानं बांबूचा आधार घेतला, सगळा जीव माझ्याच पायांत ठेवला आणि दुसरा हात त्यांच्या हातात नुसता दिला, बोटांचंसुद्धा वजन पडणार नाही असा. त्यांना वाटलं त्यांनी मला उठवलं. फार खूश झाले. तळ्यापर्यंत आम्ही हात धरून गेलो. त्या काळात पनवेलात नवरा-बायको असं करत नसत.

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो. पायरी आली की हे अजून हात पुढे करतात, आणि मी अजून तो तसाच धरते, भार न टाकता. त्यांना ते आजवर कळलेलं नाही.